हळदीचा शर्ट

ठाण्यातल्या कोलशेत गावठाणातल्या एका हळदीला आम्ही संध्याकाळी पोहोचलो, तेव्हा मांडवाखाली एकच शर्ट चाळीस वेळा दिसत होता. मोरपिशी जमीन, तिच्यावर केळीची मोठाली पानं, मधूनमधून लाल-केशरी जास्वंद आणि पानांच्या कडेला बारीक पिवळी रेघ. नवरदेवाचे काका-मामा, भावकीतली पोरं, ढोकाळी-बाळकूमहून आलेले मित्र, सगळे त्याच कापडात. पाच वर्षांच्या एका पोरालाही तोच शर्ट शिवला होता. केळीचं पान त्याच्या पाठीवर मावेना म्हणून अर्धंच आलं होतं. आत धवलारीण लग्नाचा धवला म्हणत होती, बाहेर बेंजोचा बँड लागला होता. अकराच्या सुमारास मोरपिशी रंग जवळजवळ दिसेनासा झाला. सगळे पिवळे.

आगरी-कोळ्यांच्या हळदीत पुरुषांनी एका कापडाचे शर्ट घालायचे ही रीत गेल्या काही वर्षांत चांगलीच रुजली आहे. कोळणींचं फुलाफुलांचं लुगडं जुनं. पुरुषांचा फुलाफुलांचा शर्ट त्या मानाने नवा. पण माझं लक्ष खिळलं ते दुसऱ्या दिवशी, दोरीवर वाळत घातलेल्या शर्टांवर. साबण लागला तसे हळदीचे डाग कुंकवासारखे लाल झाले, नुसत्या पाण्यात खळबळल्यावर पुन्हा पिवळट. मे महिन्याचं ऊन होतं. तिसऱ्या दिवशी पिवळा रंग विरत चालला होता. केळीची पानं मात्र जशीच्या तशी.

हळद हाही रंगच. सुती कापडाला तुरटीबिरटीच्या मदतीशिवाय धरणारे जे थोडे वनस्पतिज रंग आहेत, त्यांतली ती एक. तरीही ती टिकत नाही. खार लागला की लाल होते, ऊन लागलं की उडून जाते. कापडावर ती पाहुणी असते. मग पानाफुलांचा रंग घरचा कसा होतो? कापड धुताना आपल्या आया-आज्या ‘पक्का’ आणि ‘कच्चा’ असे दोनच रंग ओळखत. त्या ‘पक्का’ या एका शब्दामागे किती कारखाने, किती वाफ, किती पाणी आणि किती माणसं उभी असतात, हे पाहावं म्हणून मी निघालो. फार लांब जावं लागलं नाही. शहाड, भिवंडी, डोंबिवली, ठाणे: रंगीत छापील शर्टाची जवळजवळ सगळी कुळकथा एका जिल्ह्यात, आणि त्यातही एकाच खाडीच्या काठाने सापडते.

सुरुवात कोलशेतपासूनच करायला हवी, कारण हे गाव एके काळी रंगाचंच होतं. कोलशेत रोडवर सँडोजचा कारखाना होता. ‘सँडोज बाग’ हे नाव पत्त्यांमध्ये अनेक वर्षं होतं. सँडोज म्हटलं की औषधं आठवतात. पण १८८६ साली स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात आल्फ्रेड केर्न आणि एदुआर्द सँडोज यांनी जो धंदा काढला, तो कापडाच्या रंगांचा. औषधं मागून आली. कोलशेतच्या कारखान्यातही कापडाचे रंग आणि ते कापडावर बसवायला लागणारी रसायनं तयार होत. १९९५ मध्ये सँडोजने रसायनांचा विभाग वेगळा काढला, त्याचं नाव क्लॅरियंट. मूळची सँडोज वर्षभरात सीबा-गायगीत मिसळून नोव्हार्टिस झाली. क्लॅरियंटने २०१३ साली कापड-रसायनांचा धंदाच विकला, त्यातून आर्क्रोमा निघाली. आणि त्यानंतर लगेचच कोलशेतची जमीन लोढा समूहाच्या ताब्यात गेली, अकराशे कोटींहून अधिक रकमेला. आज तिथे लोढा अमाराचे मनोरे आहेत. जवळच बायरचा कारखाना होता. त्या जागी कल्पतरूचं पार्कसिटी आहे, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत खुलं झालेलं मोठं सेंट्रल पार्क. तिथे संध्याकाळी फिरायला येणाऱ्या माणसांच्या अंगावर छापील शर्ट भरपूर दिसतात. याच परिसरात रंग तयार व्हायचे, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

ठाण्याच्या अशा बऱ्याच जागा आहेत. १९२५ साली सुरू झालेली रेमंडची लोकरीची गिरणी २००९ मध्ये बंद झाली आणि तिच्या जमिनीवरही इमारती उठल्या. मला त्या इमारतींचा राग नाही. माणसांना घरं लागतातच. खंत एवढीच, की कारखान्याबरोबर त्याचं ज्ञानही गावातून उठून जातं. ज्या गावात कुणीतरी रोज निळ्याच्या छटा जोखत होतं, त्या गावाला आज रंगाच्या धंद्याची एक पाटीही नाही.

छापील कापडाला मराठीत जुना शब्द आहे, चीट. चिटाची चोळी, चिटाचा परकर. इंग्रजांनी हाच शब्द उचलून त्याचं ‘चिंट्झ’ केलं. सतराव्या शतकात हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरून गेलेल्या या कापडाने युरोपची झोप उडवली होती. धुतलं तरी रंग जात नाही, ही गोष्टच तिथल्या लोकांना नवी होती. आपले विणकर बुडतील म्हणून फ्रान्सने १६८६ साली त्यावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७०० आणि १७२१ साली कायदे केले. पुढे यंत्रं आली, गंगा उलटी वाहू लागली आणि मँचेस्टरचं छापील कापड आपल्या बाजारात आलं. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली ती याच कापडाच्या विरोधात. देशी रंगकाम त्याआधीच उभं राहू लागलं होतं: बॉम्बे डाइंगची सुरुवात १८७९ ची, हाताने सूत रंगवण्यापासून. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रसायन तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तेव्हा पहिल्या अभ्यासक्रमांत कापडाचं रसायनशास्त्र होतं. यूडीसीटी या नावाने तो विभाग घराघरांत माहीत झाला. मुंबई परिसरातले कित्येक डाइंग मास्तर आणि रंगतज्ज्ञ तिथे किंवा माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये घडले.

आता शर्टाच्या कापडाकडे वळू. हल्लीचे सुळसुळीत, अंगावर झुलणारे छापील शर्ट बहुतेक रेयॉनचे असतात. लाकडाच्या लगद्यापासून काढलेला हा धागा. रसायनशास्त्राच्या नजरेने कापसाचा सख्खा भाऊ, कारण दोघेही सेल्युलोजचे. म्हणून कापसाला चालणारे रंग त्यालाही चालतात, उलट अधिक उजळ दिसतात. कल्याणच्या आसपास रेयॉनची दोन मोठी नावं होती. मोहोन्याची एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन, २००९ पासून बंद पडली आणि तिच्या कामगारांनी थकलेल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली. शहाडची सेंच्युरी रेयॉन अजून चालू आहे. शहाडला निघतो तो अखंड, रेशमासारखा धागा. शर्टाच्या कापडाला कापसासारखे तुकड्या-तुकड्यांचे तंतू कातून केलेलं सूत लागतं, ते बाहेरून येतं. हा फरक सांगितला नाही तर लोक समजतात, शहाडच्या धुराड्याखालूनच आपला शर्ट निघतो.

सूत येतं ते भिवंडीला. कोलशेतच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर काल्हेर दिसतं. तिथून भिवंडी काही किलोमीटरवर. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग लावले, पुढे वीज आल्यावर यंत्रमाग. तेलंगणातून पद्मशाली आले, त्यांची वस्ती म्हणजे पद्मानगर. मग १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, संप कधी अधिकृतपणे मिटलाच नाही, आणि गिरण्यांत विणलं जाणारं कापड भिवंडीच्या मागांवर गेलं. गिरणगावात जे बंद पडलं ते इथे रात्रंदिवस खडखडू लागलं, फक्त युनियन, पगारी रजा आणि दवाखाना त्यातून गळून पडले. गिरणीकामगारांच्या घरांतून आलेल्या माझ्या पिढीला हे वाक्य लिहिताना जड जातं.

मागाच्या शेडमध्ये दोन माणसांना एकमेकांशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. धोटा इकडून तिकडे फेकला जातो, ताण्यात बाणा बसतो, बीमवर कापड गुंडाळत जातं. एक कामगार एकाच वेळी अनेक माग सांभाळतो. सूत तुटलं की धावत जाऊन गाठ. जेवण बिशीत, म्हणजे सामायिक खानावळीत, झोप पाळीपाळीने त्याच खोलीत. कापड निघतं ते मळकट, खळीने कडक झालेलं, कुठे गाठ, कुठे तेलाचा ठिपका. बाजारात त्याला ग्रे म्हणतात. माझ्या कानाला ‘कोरं कापड’ अधिक बरं वाटतं.

हे कोरं कापड ताक्यांच्या ताक्यांनी टेम्पोत भरून निघतं ते प्रोसेस हाउसला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत अशी प्रोसेस हाउसेस पुष्कळ आहेत. डोंबिवली म्हटलं की लोकल, नाट्यगृह, फडके रोडवरची दिवाळी पहाट. पण स्टेशनच्या पूर्वेला थोडं आत गेलं की हे दुसरं डोंबिवली लागतं, वाफेचं आणि रंगाचं. रंगीत शर्टाचा खरा जन्म इथे होतो, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

आधी कापडाची खळ उतरवायची. मागावर सूत तुटू नये म्हणून ताण्याला जी खळ दिलेली असते, ती राहिली तर रंग आत शिरत नाही. मग कापड धुऊन, विरंजन करून पांढरं करायचं. तोवर दुसऱ्या खोलीत नक्षीची चिरफाड चाललेली असते. कलाकाराने काढलेलं केळीचं पान संगणकावर घेऊन त्याचे रंग सुटे करतात: गडद हिरवा एक, पोपटी दुसरा, पिवळी रेघ तिसरी, जास्वंदीचा लाल चौथा, मोरपिशी जमीन पाचवी. प्रत्येक रंगाला एक स्क्रीन. स्क्रीन म्हणजे निकेलच्या अगदी पातळ पत्र्याचं, सूक्ष्म छिद्रं असलेलं पोकळ नळकांडं. जिथे रंग यायला हवा तिथली छिद्रं उघडी, बाकीची बुजवलेली. त्याचा घेर साधारणपणे ६४ सेंटिमीटर असतो. म्हणून तुमच्या शर्टावरचं तेच पान, तीच फुलं उभ्या रेषेत दर ६४ सेंटिमीटरवर, किंवा त्याच्या नेमक्या भागावर परत येतात. घरी मोजपट्टी लावून पाहा.

फिरत्या स्क्रीनची ही छपाई नेदरलँड्सच्या स्टॉर्क कंपनीने १९६३ च्या सुमारास बाजारात आणली. त्याआधी लाकडी ठसे होते, तांब्याचे कोरीव रूळ होते, लांब टेबलावर दोन माणसांनी उचलून-ठेवून छापायच्या चौकटी होत्या. टेबलावरची छपाई अजूनही चालते, आणि तिच्यातला डौल वेगळाच. पण लाखो मीटरचं काम नळकांड्यांचं. यंत्राच्या रबरी पट्ट्यावर पांढरं कापड चिकटून पुढे सरकतं, वर ओळीने नळकांडी फिरतात, प्रत्येकाच्या पोटातून आपापला रंग छिद्रांतून कापडावर उतरतो. पहिल्या नळकांड्याखाली नुसत्या शिरा दिसतात, दुसऱ्यानंतर पान, चौथ्यानंतर फूल, आणि शेवटी जमीन येते तेव्हा चित्र एकदम जागं होतं. एखादं नळकांडं केसभर पुढेमागे झालं तर पानाची कड पानाबाहेर पडते. यंत्रावरचा माणूस डोळा न हलवता ती कड पाहत असतो.

रंगाची खीर जिथे घोटतात त्या खोलीला रंगाचं स्वयंपाकघर म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे. पाण्यासारखा पातळ रंग कापडावर फुटेल, म्हणून तो दाट करावा लागतो. घट्टपणासाठी साधं पीठ का चालत नाही, याचं उत्तर मला फार आवडलं. पक्का रंग सेल्युलोजला गाठ मारतो, आणि त्या दृष्टीने पीठ सेल्युलोजच्याच जातीचं. रंग कापडाला सोडून पिठालाच बिलगेल. म्हणून घट्टपणा आणायला अल्जिनेट वापरतात, जे समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून काढतात. रंग त्याला शिवत नाही. म्हणजे केळीचं पान कापडावर रेखीव उमटतं ते समुद्राच्या शेवाळामुळे! त्यात युरिया घालतात, वाफेतला ओलावा धरून ठेवायला. आणि सोडा, म्हणजे खार. हळदीला जो खार बदलून टाकतो, तोच या रंगाला कापडाशी जोडून देतो.

ही जोडणी हा या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने १८५६ साली पहिला कृत्रिम जांभळा रंग केला. पण त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं कापसावरचे रंग तंतूत अडकून बसत, किंवा आत न विरघळणारे होऊन बसत. तंतूशी रासायनिक गाठ मारणारा रंग बाजारात नव्हता. ती मारणारे रंग इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत रॅटी आणि स्टीफन या दोघांनी १९५४ मध्ये शोधले आणि १९५६ साली ते बाजारात आले. त्यांना रिअॅक्टिव्ह रंग म्हणतात. रंगाच्या रेणूला एक हात असतो, खार आणि उष्णता मिळाली की तो हात सेल्युलोजच्या रेणूला धरतो. मग साबणाने, घामाने, हळदीच्या धुण्यानेही ती पकड सहजी सुटत नाही.

छापून झालेलं कापड म्हणूनच अजून कच्चं असतं. ते वाफेच्या पेटीत जातं, शंभर अंशांच्या थोड्या वरच्या वाफेत आठ-दहा मिनिटं झोळांनी लोंबत फिरतं. आत जाताना मंद, उदास दिसणारा मोरपिशी रंग नंतरच्या धुण्यात खुलतो. धुणं तर चालूच राहतं: गार पाणी, गरम पाणी, उकळतं साबणाचं पाणी, पुन्हा गार. ज्या रंगाने हात धरला नाही तो निघून जायला हवा, नाहीतर ग्राहकाच्या घरी बादलीत निघेल आणि शेजारच्या पांढऱ्या बनियनवर बसेल. जिथे खर्च वाचवायचा म्हणून या धुण्यात काटछाट होते, तिथलाच शर्ट पहिल्या धुण्यात रंग सोडतो. दोष रंगाचा नसतो, न दिलेल्या पाण्याचा असतो.

स्वस्त मार्ग आहे. पिगमेंट छपाईत रंगाचे कण डिंकासारख्या चिकट द्रव्याने कापडावर बसवतात, दीडशे अंशांच्या आसपास भाजतात, झालं. वाफ नको, धुणं नको, पाणी अगदी कमी. हाताला मात्र चित्र किंचित कडक लागतं आणि कॉलरीच्या घडीवर, कोपरावर घासून रंग विटतो. पांढरा रुमाल ओला करून शर्टाच्या आतल्या शिवणीवर घासून पाहावा; दुकानदार नाराज झाला तरी चालेल. पॉलिस्टरच्या शर्टाचा प्रकार तिसराच. तिथे चित्र आधी कागदावर छापतात आणि दोनशे अंशांच्या आसपास दाबून कागदावरून कापडावर उतरवतात; रंगाची वाफ होऊन ती धाग्यात शिरते. गोविंदा पथकांचे झगमगीत टी-शर्ट बहुतेक असेच होतात.

आणि चौथा मार्ग डिजिटल. त्याच्याशिवाय ती कोलशेतची हळद झालीच नसती. हिशेब सोपा आहे: एका अर्ध्या बाहीच्या शर्टाला दीड मीटरच्या आसपास कापड, चाळीस शर्टांना साठ मीटर. पाच नळकांडी कोरून, यंत्र लावून, पाच रंग घोटून साठ मीटर कुणी छापणार नाही; यंत्राची जुळणी करतानाच तेवढं कापड वाया जाऊ शकतं. डिजिटल यंत्र मात्र घरच्या इंकजेट प्रिंटरसारखं थेट कापडावर फवारतं, त्याला साठ काय आणि सहा काय. मीटरमागे महाग पडतं, पण आपल्या घरची, आपल्या लग्नाची नक्षी मिळते. एरवी असली नक्षी एखाद्या श्रीमंत गिऱ्हाइकानेच मागवायची.

आता त्या पाण्याचं. कापडाच्या सगळ्या प्रक्रियेला ढोबळ मानाने किलोमागे शंभर लिटरच्या घरात पाणी लागतं. शर्ट दोनशे-अडीचशे ग्रॅमचा धरला तर शर्टामागे वीस-पंचवीस लिटर, एक मोठी बादली भरून. आणि रिअॅक्टिव्ह रंग कितीही पक्का म्हटला तरी छापलेला सगळाच्या सगळा कापडाचा हात धरत नाही. रंगानुसार, कामाच्या काळजीनुसार शंभरातले दहापासून चाळीस-पन्नास भागही त्या बादलीत उतरतात. युरिया, खार, शेवाळाचा चिकट अंश हे त्याच्याबरोबर. सांडपाणी केंद्रात मैला खाली बसवता येतो, पण पाण्यात पूर्ण विरघळलेला आणि पक्का राहण्यासाठीच घडवलेला रंग सहज मोडत नाही. जो गुण शर्टावर हवा, तोच नदीत नको असतो.

२०२० च्या फेब्रुवारीत डोंबिवली एमआयडीसीतला एक रस्ता रंग-रसायनांनी गुलाबी झाला. छायाचित्रं देशभर फिरली, तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः पाहायला आले. त्याआधी २०१४ च्या जानेवारीत हिरव्या पावसाची बातमी याच गावची होती. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणावरून ‘वनशक्ती’ ही संस्था हरित लवादात गेली आणि २०१५ मध्ये लवादाने सांडपाणी केंद्रं व पालिकांना दंड ठोठावला. कारखाने बंद करण्याच्या नोटिसा येतात, काही दिवस यंत्रं थांबतात, पुन्हा सुरू होतात. प्रत्येक बंदीत पहिला फटका रोजावरच्या माणसाला बसतो, आणि प्रत्येक मोकळिकीत पहिला फटका नदीला. पाणी पुन्हा वापरता येतं, रंग अधिक धरणारी रसायनं आहेत, युरिया कमी करता येतो. याला पैसे लागतात, आणि तीनशे रुपयांच्या शर्टाच्या किमतीत ते बसवायला बाजारातलं कुणी तयार नाही. मला वाटतं, त्यात आपणही आहोत.

शिलाईच्या कारखान्यात शिरलं की खडखडाटाची जागा घरघर घेते. भिवंडी, उल्हासनगर, वागळे इस्टेट. गाळ्यात किंवा चाळीच्या पोटमाळ्यावर वीस-तीस मशीन, वर पंखे, एका टोकाला लांबच लांब टेबल. टेबल कटिंग मास्तरचं. छापील शर्ट चांगला की सुमार, हे त्या टेबलावरच ठरतं, शिलाईत नव्हे.

कापडाचे पन्नास-साठ थर एकावर एक पसरतात. केळीची पानं एकाच दिशेला वाढणारी असतील तर प्रत्येक थराचं तोंड त्याच बाजूला हवं. नाहीतर पाठ उभी आणि बाही उलटी. रेयॉन निसरडं असतं, गुंडाळीत ताणलेलं असतं, म्हणून जाणता मास्तर थर लावून कापड काही तास मोकळं पडू देतो. घाई केली तर कापताना एल असलेला शर्ट शिवून होईस्तोवर एम होतो. मग वर मार्करचा कागद: पाठ, दोन पुढे, योक, बाह्या, कॉलर, खिसा, सगळे आकार कोड्यासारखे एकमेकांत बसवलेले. उभ्या पात्याचं यंत्र फिरतं, डाव्या हातात पोलादी जाळीचा पंजा. कापून झालं की एक कंटाळवाणं पण फार मोलाचं काम सुरू होतं, ते म्हणजे नंबर लावणं. प्रत्येक तुकड्याला त्याच्या थराचा क्रमांक. कारण एका ताक्याचा मोरपिशी दुसऱ्या ताक्याशी तंतोतंत जुळत नाही. सतराव्या थराची पाठ आणि अठराव्याची बाही एकत्र आली तर घरी दिव्याखाली काही कळत नाही, उन्हात शर्ट दोन रंगांचा दिसतो.

खिसा हा मास्तरच्या इमानाचा पुरावा. छातीवरच्या नक्षीत खिसा दिसेनासा झाला पाहिजे. पानाची शीर छातीवरून खिशावर आणि खिशावरून परत छातीवर अखंड जायला हवी. त्यासाठी खिशाचा तुकडा ताक्यातल्या नेमक्या जागेवरूनच कापावा लागतो, आजूबाजूचं कापड वाया जातं. बटणपट्टीचंही तसंच. स्वस्त शर्टात हे होत नाही, होणं शक्यही नाही. पण कधीकधी अगदी साध्या गाळ्यातून आलेल्या शर्टावर जुळलेला खिसा दिसतो, आणि तो कुणी, का जुळवला असेल, असा विचार करत मी तो पाहत राहतो. त्याचे कुणी वेगळे पैसे दिलेले नसतात.

एरवी लहान कारखानदाराला छापील शर्ट सांभाळून घेतो, हे त्याच्या लोकप्रियतेचं एक न सांगितलं जाणारं कारण आहे. पांढऱ्या शर्टावर मागातली गाठ, तेलाचा ठिपका, शिवणीची चुणी लगेच ओरडते. पानाफुलांत ती लपते. चौकटीच्या शर्टात प्रत्येक रेघ जुळवावी लागते. इथे तेवढी सक्ती नाही. आणि उघड्या गळ्याची ती सपाट कॉलर, जिला आता क्युबन कॉलर म्हणतात, तिला वेगळी पट्टी नाही, ताठर बक्रमही थोडंच. अर्धी बाही, म्हणजे कफ नाही. तुकडे कमी, वेळ कमी. १९३० च्या दशकात हवाई बेटांवर होनोलुलूच्या शिंप्यांनी जपानी छापील कापडाचे जे शर्ट शिवले, ज्यांना एलरी चन या व्यापाऱ्याने ‘अलोहा’ म्हणून विकलं, त्यांची घडणही अशीच सुटसुटीत होती.

शिवणारा कारीगर बहुधा उत्तर प्रदेश, बिहार किंवा बंगालचा. काम नगावर. कॉलरवाला कॉलरच करतो, बाहीवाला बाही. काज-बटणाचं मशीन अनेकदा गल्लीतल्या दुसऱ्याच गाळ्यात असतं. धागे कापायला, घडी घालायला बायका असतात, काही कामं गठ्ठ्याने घरी नेतात. ईद, गणपती, दिवाळी, लग्नसराई अशा लाटांवर काम चढतं-उतरतं. टाळेबंदीत हे सगळं एका दिवसात थांबलं. मे २०२० च्या सुरुवातीला भिवंडीहून गोरखपूरसाठी श्रमिक गाडी सुटली, तिच्यात मागावरची आणि मशीनवरची माणसं होती. परत आली त्यांच्यातली बरीचशी, सगळी नाही. शर्टाच्या आत कंपनीची लेबलं असतात, धुण्याच्या सूचना असतात, आकार असतो. कापणाऱ्याचा, शिवणाऱ्याचा मागमूस म्हणून एखाद्या तुकड्याच्या उलट बाजूला चुकून राहिलेली क्रमांकाची चिठ्ठी, तेवढीच. नव्या शर्टाच्या आत ती सापडली तर लगेच फेकू नका; कुणीतरी तुमची बाही तुमच्या पाठीच्याच थरातून यावी म्हणून ती लावलेली असते.

परत आलो तेव्हा लग्न होऊन दोन आठवडे झाले होते. संध्याकाळी कोलशेतच्या विसर्जन घाटावर बसलो होतो. ओहोटी लागली होती. उल्हास कल्याणवरून येते, डोंबिवलीला वळसा घालते, दिवा-मुंब्र्याच्या कडेने, कशेळीच्या पुलाखालून इथे पोहोचते आणि पुढे गायमुख, घोडबंदर करत वसईच्या खाडीला मिळते. डोंबिवलीच्या कापडाने न धरलेला रंग याच वाटेने जातो. म्हणजे छापील कापड टेम्पोतून शिंप्याकडे, दुकानात, मांडवात यायच्या कितीतरी आधी, त्याचा धुऊन निघालेला वाटा या घाटावरून पुढे गेलेला असतो. गावातल्या म्हाताऱ्या कोळ्यांना या पाण्यातली मासळी आठवते. त्यांची नातवंडं मासळी बाजारातून विकत आणतात.

घाटामागच्या घरात दोरीवर तो लहान पोराचा शर्ट अजून होता. हळद आता शोधूनही दिसत नव्हती. पाठीवरचं अर्धं केळीचं पान वाऱ्याने उलटंसुलटं होत होतं, हिरवंगार.